काळी चारचा कॉम्प्युटर

परसराम मास्तराचं कुणाशी पटतं, असं मी अजून ऐकलेलं नाही. शेजाऱ्याशी कोंबड्यांवरून, भावाशी धुऱ्यावरून, विहाराच्या मंडळाशी लाउडस्पीकरवरून. मोहल्ल्यातल्या बाकीच्यांना तो लाउडस्पीकर मोठा वाटायचा, याला तो बेसूर वाटायचा. माझ्याशीही त्याचं वाकडंच. पण माझा धंदाच लोकांचे शिव्याशाप खाण्याचा होता, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीवर उभी हयात खलनायक केला. सावकार, कपटी मामा, दारू पाजणारा दोस्त, जे म्हणाल ते. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत गावात शिरलो की बायका पोरांना पदराआड घ्यायच्या, आणि ती माझी खरी बिदागी होती. मंचासमोरच्या खळग्यात, माझ्या पायाशी, ऑर्गनवर परसराम बसलेला असायचा. पायांनी भाता मारायचा, हातांनी वाजवायचा आणि डोळे आमच्यावर. नट चुकला की सूर लांबवायचा, नट धावला की आपणही धावायचा. लाखनीकडच्या एका गावात भर प्रवेशात माझी मिशी गळून पडली. लोक हसायच्या आत परसरामनं असा काही भेसूर सूर लावला, की मी पाठ फिरवून मिशी चिकटवेपर्यंत सारा मांडव श्वास रोखून बसला होता. खेळ संपल्यावर मी हात जोडले, तर म्हणाला, "तुह्यासाठी नाही लावला. सूर बेकार जाऊन राहिला होता."

असा माणूस. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा लोकांनी बैलबंडीत आधी धान चढवलं, यानं आधी ऑर्गन चढवला. सासऱ्यानं त्यावरून अबोला धरला आणि मरेपर्यंत पाळला. मग वरठीला रेल्वेलाइनच्या कडेला घर बांधलं. तिथे त्याची बायको सत्यभामा, मुलगी प्रतिक्षा आणि ऑर्गन. सत्यभामाचा गळा म्हणजे आमच्या भागातलं एक धन. विहारात तिनं गाणं उचललं की रस्त्यावरचे सायकलवाले पाय टेकून उभे राहत. या तिघांच्या घरात भांडण कसलं होतं, ते आता सांगतो.

प्रतिक्षा बापाच्याच मांडीवर पेटी शिकली. पुढे भंडाऱ्याला पतसंस्थेत नोकरीला लागली आणि पहिल्या वर्षीच एक पातळसा लॅपटॉप घेऊन आली. रविवारी आतल्या खोलीत बसून त्याच्यावर गाणी तयार करायची. ढोलक त्याच्यातलीच, बासरी त्याच्यातलीच, वर आईचा गळा. आमच्या नाट्यमंडळाचा मालक भुपेंद्र याच्या कानावर ते पडलं आणि त्याला बसल्या जागी शहाणपण सुचलं. खळग्यात माणसं कशाला बसवायची? पेन ड्राइव्ह लावायचा. दोन हंगामांपूर्वी परसराम घरी बसला. त्याच्याबरोबर तबलजी धनीरामही. धनीराम आता वरठी स्टेशनावर ऑटो चालवतो, आणि प्रवासी येईपर्यंत हँडलवर बोटं वाजवतो.

त्या दिवशी परसराम मुलीला म्हणाला, "तू माह्या मानसाचं ताट ओढलं."

ती म्हणाली, "मी नसतं केलं तं नागपूरवाल्यानं केलं असतं. तेव्हा घरात काहीच आलं नसतं."

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण गप्पही बसले नाहीत. मी शेजारच्या गल्लीत राहतो आणि चहाला त्यांच्याकडे जातो. त्यांनी मला मध्ये घेतलं. ती समोर भाजी चिरत बसलेली असायची आणि हा म्हणायचा, "मारोतभाऊ, तिले सांग, नळ आला हाय."

"मारोतकाका, त्यायले सांगा, मले दिसते."

सत्यभामा कपाळावर हात मारायची. "मी दोघायचे कपडे धुते, दोघायचे गाने म्हणते. अन् हे दोघं टपालपेटीतून बोलतेत."

टपालपेटी म्हणजे मी.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी भुपेंद्र नवीन नाटक घेऊन आला. मंडईत हरवलेला मुलगा आणि त्याला शोधणारी आई. आईच्या विलापाचं एक गाणं त्यात होतं, त्यावर अख्खं नाटक उभं. परसरामनं भर चौकात त्याची गचांडी धरली नाही एवढंच. "तुह्या मंडळात मानसं होते तेव्हा नाटक होतं, आता नुसता सिनेमा हाय. मेलेला सिनेमा!"

भुपेंद्र व्यापारी माणूस, रागावत नाही, टोचतो. "मास्तर, मले दुश्मनी नाही. तुमच्या पोरीसारखं तयार करून द्या. त्या विलापाचं गानं तुमचं चांगलं झालं तं सारं संगीत तुमचं, धनीराम बी तुमचा, हंगामभर. नाही तं तिचं घेतो. दसऱ्यानंतर येतो ऐकाले." आणि जाता जाता, "तुम्हाले बटन दाबता येते ना पण?"

मी परसरामचा चेहरा पाहिला. रंगमंचावर मी कित्येक खून केले, पण असा चेहरा मला कधी जमला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. "मारोतभाऊ, चाल. भंडाऱ्याले जाऊन कॉम्प्युटर आनू."

"प्रतिक्षाला विचारू की कोणता घ्यायचा."

"तिले इचारून तिलेच हरवू?"

मोटारसायकलवर मागे मी बसलो आणि माझ्या मांडीवर त्यानं हार्मोनियम दिली. कशाला, ते सांगितलं नाही. भंडाऱ्यापर्यंत ती पेटी पोटाशी धरून मी बसलो, आणि रस्त्यावरचे लोक वाट देत गेले, बहुतेक भजनाला निघालो समजून.

दुकान बाजारात, अनुप नावाच्या तरुणाचं. त्यानं विचारलं, "या काका, काय काम आहे? तिकीट काढायचं, का नातवाची शाळा?"

"गानं."

"गाणं ऐकायला मोबाइल पुरते ना काका."

"ऐकाले नाही बे. कराले!"

अनुपनं आधी रंगीबेरंगी दिवे लागणारा एक मोठा खोका दाखवला. आतून निळा, जांभळा, लाल. परसराम म्हणाला, "मले मंडईतला पाळना नाही पाहिजे." मग लॅपटॉप दाखवले. अनुपला माल माहीत होता, हे मी मान्य करतो. एक पातळ लॅपटॉप पुढे सरकवून तो म्हणाला, "गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर हा घ्या. याच्यात पंखाच नाही. आवाजच करत नाही."

परसरामनं त्यावर कान ठेवला. खरंच शांत. तेवढ्यात त्याला आठवलं, घरी लेकीच्या टेबलावर असाच आहे. खटकन झाकण मिटलं. "ज्याले श्वास नाही ते मेलेलं. मले जिवंत दाखव."

"काका, हे कॉम्प्युटर आहेत, बैल नाहीत."

"बैलाचे दात पाहतेत. याचा आवाज पाहीन."

आणि त्यानं हार्मोनियम काउंटरवर ठेवली. भाता ओढला, काळी चार दाबून धरली. आमच्याकडे सत्यभामाचं गाणं त्याच पट्टीतून चालतं, पेटीवरची चौथी काळी पट्टी. मग एकेका चालू खोक्याला कान लावत तो दुकानभर फिरला. "हा पांढरी चारच्या बी खाली. हा तं कुठंच नाही, नुसता फसफसते. हा बरा होता पन थरथरते." गिऱ्हाईकं बाजूला झाली. दुकानातल्या एका बाईनं आपला मोबाइल आमच्याकडे धरला. अनुप हात जोडून म्हणाला, "काका, रॅम तरी विचारा! प्रोसेसर तरी विचारा!"

"त्याच्यानं पट्टी बदलते काय?"

"नाही."

"मंग कायले इचारू?"

कोपऱ्यात एक काळा उभा खोका चालू होता, कुठल्या तरी ऑफिसातून परत आलेला. परसराम त्याच्याशी वाकला आणि तसाच राहिला. मला बोटानं बोलावलं. मी कान लावला. आत पंखा फिरत होता, आणि पेटीची काळी चार आणि तो पंखा, दोन्ही मिळून एकच सूर लागला होता. शपथ घेऊन सांगतो, अंगावर शहारा आला.

"हाच!" परसराम ओरडला. "मशीन हाय, आवाज तं करनच. मंग सुरात केला तं काय वाईट? घरबसल्या तंबोरा झाला."

अनुपनं मान हलवली. "काका, मी सांगितलं नाही असं म्हणू नका. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो."

"येऊ दे ना. सुरात येऊन राहिला."

मलाही ते पटलं होतं. आम्ही दोघं त्या दुकानातून गड जिंकून निघालेल्या सरदारांसारखे बाहेर पडलो. खोका पुढे टाकीवर, पेटी आणि स्क्रीन मागे माझ्या मांडीवर.

घरी प्रतिक्षा दारात उभी होती. खोक्याकडे पाहून तिला हसू आवरेना. "मारोतकाका, त्यायले सांगा, हे वापस करा. माइक सगळंच पकडते. पंखा, मालगाडी, शेजारची कोंबडी."

"मारोतभाऊ, तिले सांग, तिच्या गान्यात कोंबडी बी नाही अन् मानूस बी नाही."

"त्यायले सांगा, हे मशीन कचऱ्यातलं हाय."

"तिले सांग, तिचा बाप बी कचऱ्यातलाच हाय, धरनातून वर काढलेला."

सत्यभामा आतून म्हणाली, "जेवता का मरता?"

मग त्या घरात युद्ध सुरू झालं. बाहेरच्या खोलीत परसरामचा काळा खोका, आतल्या खोलीत प्रतिक्षाचा लॅपटॉप, मधे विटांची एक भिंत. कॉम्प्युटर चालवायचं काम परसराम स्वतः शिकला, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, एका बोटानं, बटणागणिक एक शिवी देत. भुपेंद्रचं ते बटणाचं बोलणं त्याच्या मनात रुतून बसलं होतं. रविवारी हा माइक लावायचा, तेव्हाच ती पलीकडे ढोलक मोठी करायची. हा भिंतीवर मुठी मारायचा. मुठीचा आवाज तिच्या गाण्यात जायचा. मग ती मिक्सरमध्ये चटणी वाटायला घ्यायची, वाटायला काही नसलं तरी. एकदा तर तिच्या रेकॉर्डिंगमध्ये ह्याचा खोकला सापडला आणि तिनं तो कापून बाजूला ठेवला, "पुरावा म्हणून".

सत्यभामा दोन्हीकडे गायची. सकाळी मुलीचं विलापाचं गाणं, दुपारी नवऱ्याचं. शब्द तेच. "मंडई उठली, पाल उतरले, राजा माहा घरी नाही आला." चाल वेगळी. परसरामची चाल साधी होती, पण तिच्यात एक जागा होती, बाई 'राजा' म्हणते आणि आवाज पुढे जायला नकार देतो. ती जागा ऐकून मी, आयुष्यभर मुलं पळवून नेलेला खलनायक, बाहेर ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

त्याचा बेत असा होता. आधी सत्यभामाचं गाणं आणि धनीरामचा तबला घ्यायचा, ऑर्गन मागून वर चढवायचा. तिला कानात इअरफोन घालायला सांगितलं तर तिनं काढून फेकले. "कानात बोळे घातले का मले माहाच आवाज सवतीचा वाटते." मग कशाच्या आधारानं गायची? खोका होताच. काळी चारचा तंबोरा. धनीराम ऑटो दारात लावून खाकी शर्टावरच तबला घेऊन बसला. मालगाडी जाऊ दिली, पंखा घुमायला लागला, आणि सत्यभामानं डोळे मिटले.

ते गाणं मी विसरणार नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते जणू जिना चढत गेलं. आई मंडईभर फिरते आहे, एकेक पाल, दुकानाचा एकेक तंबू पाहते आहे, आणि प्रत्येक कडव्याला तिचा जीव गळ्याशी येत चालला आहे, असं वाटत होतं. भिंतीपलीकडचा मिक्सरही बंद होता. धनीराम डोळे पुसत म्हणाला, "मास्तर, झालं. हंगाम आपला."

दुसऱ्या दिवशी भुपेंद्र येणार होता. सकाळीच मला बोलावणं आलं. परसराम ऑर्गनवर बसलेला, चेहरा राखेसारखा. "ऐक," म्हणाला. गाणं लावलं आणि वर ऑर्गन धरला. पहिलं कडवं चपखल. दुसऱ्याला कुठंतरी खटकलं. तिसऱ्याला ऑर्गन एका वाटेनं चालला होता आणि बाई दुसऱ्या. शेवटाला तर दोघांमध्ये भांडणच.

"काळी चारवर सुरू केलं अन् काळी पाचवर संपवलं!" तो बायकोवर ओरडला. "तू चढली!"

"मी नाही चढली," सत्यभामा शांतपणे म्हणाली. "तुमचा तंबोरा चढला. तो जिकडं गेला तिकडं मी गेली. तुमीच म्हनलं होतं, याच्या सुरात गाय."

प्रतिक्षा दारात येऊन उभी होती. हसत नव्हती. "मारोतकाका, त्यायले सांगा. मशीनले काम पडलं का ते गरम होते. गरम झालं का पंखा जोरानं फिरते. जोरानं फिरला का सूर चढते. दुकानात मशीन रिकामं होतं, म्हनून काळी चार. त्याच्यावर गानं टाकलं, त्याले घाम आला."

परसराम खोक्याकडे असा पाहत राहिला, जणू त्यानं पोसलेल्या बैलानं शिंग मारलं. मग उठला, आतून कूलर ओढत आणला आणि खोक्यासमोर लावला. पंखा खाली आला, पण आता कूलर गायला लागला. ओलं फडकं टाकलं, तर प्रतिक्षा किंचाळली, "करंट लागन!" हे तिनं मला मध्ये न घालता म्हटलं होतं, पण गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

भुपेंद्र आला, पाणी प्यायला, खुर्चीवर बसला. धनीरामही ऑटो सोडून आला होता, भिंतीला टेकून उभा. आधी प्रतिक्षाचं गाणं लागलं. स्वच्छ, नेटकं, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. भुपेंद्रनं मान डोलावली. "चांगलं हाय. आता मास्तर?"

"माहं झालं नाही," परसराम म्हणाला.

"झालं हाय," सत्यभामा म्हणाली. "मी गायली हाय, लावा."

तिनं स्वतःच बटण दाबलं. पुन्हा तो जिना, पुन्हा ती आई, वरवर चढत गेलेली. खोलीत पंख्याची घुमघुम आणि तिच्यावरून चढत जाणारा सत्यभामाचा आवाज. भुपेंद्रच्या हातातला गुटख्याचा पुडा तसाच राहिला. गाणं संपलं तेव्हा त्यानं आपली मनगटं आमच्याकडे केली. केस उभे होते.

"मास्तर, हेच पाहिजे. वर ऑर्गन-बिर्गन काही नको, असंच द्या. संगीत तुमचं, धनीराम तुमचा, बोललो तसं."

धनीराम भिंत सोडून पुढे आला. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"हे खराब हाय," परसराम म्हणाला.

"खराब? मास्तर, काटा आला अंगावर."

"काटा साप पाहून बी येते. हे बेसूर झालं हाय. पंख्यानं केलं, आमी नाही. माह्या नावानं नको वाजवू."

"कोनाले समजते, मास्तर? दहा गावची गर्दी. कोनाले समजनार हाय पंखा का काय?"

"मले समजते."

"तुमाले एकट्याले ना?"

"मले बी," दारातून प्रतिक्षा म्हणाली.

भुपेंद्रनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. आता मात्र तो चिडला. "दोघंही डोक्यानं गेले तुमी! मंग पोरीचं घेतो. मास्तर, यंदा बी घरी बसा अन् पंखा ऐका." पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि गेला.

गाडीचा आवाज विरला आणि धनीराम बोलला. आयुष्यभर परसरामच्या डाव्या हाताला बसलेला माणूस, कधी वर आवाज केला नव्हता. "मास्तर, तुमाले सूर पाहिजे. मले हंगाम पाहिजे होता. ताट समोर आलं होतं, लाथ मारली तुमी. पोरीनं ओढलं म्हनत होते ना? आज तुमी ओढलं." तबला उचलून ऑटोत ठेवला आणि निघून गेला. भांडायला काही सापडलं नाही असा परसराम मला पहिल्यांदाच दिसला.

पुढच्या आठवड्यात आम्ही खोका परत करायला गेलो. अनुप काउंटरमागून उठलाही नाही. "काका, वापस होत नाही. मी सांगितलं होतं."

"तू चोर हायेस! काळी चार म्हनून दिला, काळी पाच निघाला!"

"मी कधी काळी-पांढरी म्हटलं? तुम्हीच पेटी घेऊन आले होते!"

आवाज रस्त्यापर्यंत जात होता. प्रतिक्षाची पतसंस्था त्याच बाजारात, दोन दुकानं सोडून. ती जेवणाचा डबा हातात घेऊन आत शिरली आणि थेट अनुपवर गेली. "म्हातारा मानूस गानं करतो म्हनून आला, तुमी ऑफिसचा जुना डबा खपवला. बदलून द्या."

"मॅडम, मी यांना बिनपंख्याचाच दाखवला होता. यांनी मेलेलं म्हटलं त्याला!"

"त्यायले काय समजते! कान हायेत, डोस्कं नाही. पन तुमाले होतं ना?"

अनुप गोंधळला. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?"

"दोघायच्या विरुद्ध," ती म्हणाली. "बदलून द्या."

बरीच हुज्जत झाली. शेवटी अनुपनं तोच पातळ लॅपटॉप बाहेर काढला, एवढ्यासाठी की आम्ही दुकानातून जावं. परसरामनं त्यावर कान ठेवला. बराच वेळ. आत काहीच नव्हतं, बाजाराचाच आवाज.

"मारोतभाऊ, तिले इचार, हा गरम नाही होत काय?"

"मारोतकाका, त्यायले सांगा, होते. गरम झाला का ओरडत नाही, हळू चालते. लय वाद्यं एकदम नाही घ्यायचे."

"तिले सांग, मले लय वाद्यं पाहिजेच नाही. एक ऑर्गन, एक तबला, एक बाई."

"त्यायले सांगा, तबलजी रुसला हाय त्यायचा."

परसरामनं लॅपटॉप मिटला, वळला आणि माझ्या खांद्यावरून, सरळ तिच्याकडे पाहून बोलला. "तुह्या गान्यात तबला मशीनचा हाय. माय थकून राहिली, पाय ओढून राहिली, अन् तबला तसाच तरना. मायच्या संग थकत नाही तो. गाढव बी थकते."

प्रतिक्षाच्या नाकपुड्या फुगल्या. "भुपेंद्रले बदलून द्याले अजून टाइम हाय," ती म्हणाली. "थकनारा तबला पाहिजे तं आना मंग धनीरामकाकाले. तुमीच जा स्टेशनवर. मी पाया पडनार नाही."

"मी पडीन असं वाटते काय तुले?"

"नाही तं मशीनचा राहू द्या."

"राहू देत नाही!"

"मंग जा!"

तो गेला. स्टेशनावर धनीरामनं त्याला चार लोकांत ऐकवलं, ऑटोत बसू दिलं नाही, दोनदा हाकलून दिलं. तिसऱ्या वेळी तबला घेऊन आला, पण परसरामशी बोलत नाही. प्रतिक्षाच्या गाण्यावर त्याचा हात पडला आहे, आणि हंगामातली उरलेली गाणीही तिनं त्याच्याच हाताची घेतली. परसराम खळग्यात नाही. भुपेंद्र त्याचं नाव काढत नाही. नव्या लॅपटॉपवर तो आपल्या चाली धरतो आहे, सत्यभामा गाते आहे, आणि दर रविवारी भिंतीपलीकडून लेक ओरडते, "बाबा, ते कडवं खाली उतरलं," आणि हा ओरडतो, "मले ऐकू येते, तू आपलं पाह!"

मी अजून चहाला जातो. पूर्वीच्या जागेवर, दोघांच्या मधे बसतो. मधे बसूनही आता मला कुणी काही सांगत नाही.